तणावजन्य डोकेदुखीवरील हस्तोपचार

तणावजन्य डोकेदुखीवरील हस्तोपचार म्हणजे डोके, मान, जबडा व खांदे यांमधील स्नायू आणि मानेचे सांधे यांवर प्रशिक्षित व्यक्तीने हातांनी केलेले उपचार होत. मर्दन, वेदनाबिंदूंवरील दाब, स्नायूंचे ताणन, सांध्यांची सौम्य हालचाल आणि सांध्यांना दिलेला जलद झटका हे त्यांचे मुख्य प्रकार आहेत. वेदनाशामक औषधांना पर्याय किंवा पूरक म्हणून त्यांचा वापर केला जातो.

पार्श्वभूमी

तणावजन्य डोकेदुखी हा प्राथमिक डोकेदुखीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार (२०१८) तिचा झटका ३० मिनिटांपासून ७ दिवसांपर्यंत टिकतो. वेदना बहुधा डोक्याच्या दोन्ही बाजूंना, पट्टा आवळल्यासारखी, सौम्य ते मध्यम तीव्रतेची असते. चालणे, जिने चढणे अशा नेहमीच्या हालचालींनी ती वाढत नाही. या लक्षणांवरून ती अर्धशिशीपासून वेगळी ओळखता येते. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोके दुखत असल्यास तिला दीर्घकालीन म्हणतात.

हस्तोपचारांची गरज मुख्यतः याच दीर्घकालीन गटात भासते. साधी वेदनाशामक औषधे महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस सातत्याने घेतल्यास त्या औषधांमुळेच डोकेदुखी उद्भवू शकते. त्यामुळे वारंवार डोके दुखणाऱ्या रुग्णाला औषधांवर पूर्णपणे विसंबून राहता येत नाही.

शारीरिक आधार

या रुग्णांमध्ये सर्वाधिक आढळणारी शारीरिक खूण म्हणजे कवटीभोवतालच्या स्नायूंचा दुखरेपणा होय. कपाळ, कानशिले, जबडा, मान व खांदे येथे बोटांनी दाबून तो तपासला जातो. जॅनेट ट्रॅव्हेल व डेव्हिड सिमन्स यांनी १९८३ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात स्नायूंमधील वेदनाबिंदूंची (ट्रिगर पॉइंट) संकल्पना विस्ताराने मांडली. त्यांच्या मते असा बिंदू दाबला असता वेदना दूरच्या ठिकाणी जाणवते. उदाहरणार्थ, खांद्यावरील ट्रॅपेझियस स्नायूच्या वरच्या भागातील बिंदूची वेदना कानशिलात उमटते.

याचे एक स्पष्टीकरण मज्जासंस्थेच्या रचनेत सापडते. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे संवेदी तंतू आणि चेहरा व कपाळाची संवेदना वाहणारे ट्रायजेमिनल मज्जातंतूचे तंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकत्र येतात. त्यामुळे मानेतील वेदना कपाळात किंवा डोळ्यांभोवती जाणवू शकते. दीर्घकालीन प्रकारात स्वतः मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील झालेली असते. म्हणून केवळ स्नायू सैल केल्याने दुखणे थांबेलच असे नाही.

प्रमुख तंत्रे

* मर्दन: मान, खांदे व टाळूवरील ऊतींवर लयबद्ध दाब देऊन चोळणे.
* वेदनाबिंदूंवरील दाब: दुखऱ्या बिंदूवर बोटाने सहन होईल इतका स्थिर दाब दिला जातो. वेदना ओसरली की दाब हळूहळू काढला जातो.
* पश्चकपाल शिथिलीकरण: कवटीच्या मागील कडेखाली दोन्ही बाजूंना चार-चार लहान स्नायू असतात. रुग्ण उताणा झोपतो. उपचारक त्याच्या डोक्यामागे बसून बोटांची टोके त्या कडेखाली ठेवतो आणि डोक्याच्या वजनानेच काही मिनिटे दाब पडू देतो.
* ताणन: आखडलेला स्नायू लांबवून काही सेकंद त्या स्थितीत धरणे. काही पद्धतींत रुग्णाला आधी तो स्नायू हलकेच आकुंचित करण्यास सांगतात.
* सांध्यांची हालचाल: मानेचे मणके मंद, पुनरावृत्त गतीने हलवणे.
* सांध्यांना झटका: मानेला कमी अंतराचा पण जलद धक्का देणे. यात बऱ्याचदा ‘कट्’ असा आवाज होतो.

परिणामकारकता

उपलब्ध पुरावा मर्यादित आहे. डेन्मार्कमध्ये ७५ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना मऊ ऊतींवरील उपचार देण्यात आले. एका गटाला त्याखेरीज मानेला झटके, तर दुसऱ्याला निष्प्रभ लेझर देण्यात आला. दोन्ही गटांची डोकेदुखी कमी झाली, परंतु झटक्यांचा वेगळा लाभ दिसला नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनाबिंदूंवरील मर्दनाची तुलना बंद ठेवलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राच्या आभासी उपचाराशी करण्यात आली. डोकेदुखीची वारंवारता दोन्ही गटांत घटली.

अशा चाचण्यांत मोठी अडचण ही, की उपचारकाला आपण कोणता उपचार देत आहोत हे ठाऊक असते आणि स्पर्शाचा खराखुरा वाटेल असा आभासी पर्याय तयार करणे अवघड असते. त्यामुळे तंत्राचा परिणाम आणि स्पर्श, विश्रांती व अपेक्षा यांचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. व्यवहारात हस्तोपचारांना मानेचे व्यायाम, बसण्याच्या सवयींत बदल, पुरेशी झोप व मानसिक ताणाचे व्यवस्थापन यांची जोड दिली जाते.

धोके व दक्षता

मर्दन व ताणनानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे ही सामान्य बाब आहे. मानेला दिलेल्या झटक्याचा धोका मात्र वेगळ्या स्वरूपाचा आहे. क्वचित प्रसंगी अशा झटक्यानंतर मानेतील रोहिणीचा आतील थर फाटून पक्षाघात झाल्याची नोंद आहे. भारतात केशकर्तनालयांत डोक्याच्या चंपीनंतर मान मोडून घेण्याची प्रथा आहे. तीत कोणतीही पूर्वतपासणी होत नसल्याने ती टाळणे इष्ट ठरते.

पुढील लक्षणे असल्यास हस्तोपचार न करता त्वरित वैद्यकीय तपासणी करावी लागते:

* क्षणार्धात शिगेला पोहोचणारी तीव्र डोकेदुखी
* ताप व मान ताठरणे
* हातापायांत अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे किंवा दृष्टिदोष
* डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली किंवा सतत वाढत जाणारी वेदना
* वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली डोकेदुखी

हेही पाहा

* अर्धशिशी
* भौतिकोपचार
* मर्दन