गलगंड, गंडमाळ आणि गोदाकाठची साधने

नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या आरोग्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रथम एका शब्दाशी झगडावे लागते. गळ्यावरील कोणत्याही फुगवट्यास बोलण्यात सरसकट ‘गंडमाळ’ म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः या नावाखाली दोन भिन्न व्याधी एकत्र येतात. अवटु ग्रंथी वाढते तो गलगंड. त्याचे प्रमुख कारण अन्नातील आयोडीनची न्यूनता. मानेतील लसीकाग्रंथी सुजून माळेसारख्या दिसू लागतात ती गंडमाळ. ती बहुधा क्षयाच्या जंतूंमुळे होते. पहिलीत संप्रेरक निर्माण करणारे इंद्रिय बिघडते, दुसरीत संप्रेरकाचा काही संबंधच नाही. दोहोंसही ‘ग्रंथी’ म्हणण्याची आपली शास्त्रीय परिभाषासुद्धा या घोटाळ्यास थोडा हातभार लावते, हे मान्य केले पाहिजे.

प्राचीनांनी मात्र हा घोटाळा केला नव्हता. गळ्याच्या बाजूस एकच गंड असेल तर गलगंड, अनेक असतील तर गंडमाळा, असा स्पष्ट भेद चरकसंहितेत आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात गलगंडाचा विचार मुखरोगांबरोबर केला आणि गंडमाळेचा ग्रंथी-अर्बुदांबरोबर, निराळ्या अध्यायात. याच अष्टांगहृदयावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका रचली. तेव्हा हा ग्रंथ मराठवाड्याच्या विद्वत्परंपरेस परका नव्हता.

निजामी राजवटीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. 1884 पासून हैदराबाद संस्थानच्या कारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतली, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. साहजिकच नांदेड जिल्ह्याची, तसेच 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूरची त्या काळातील सरकारी कागदपत्रे वाचणाऱ्यास उर्दू संज्ञा ठाऊक हव्यात. युनानी वैद्यकात गंडमाळेस ‘खनाजीर’ म्हणतात. गलगंडास उर्दूत ‘घेंगा’ हा शब्द आहे. ‘खनाजीर’ हे डुकराच्या अरबी नावाचे अनेकवचन. युरोपीय वैद्यकातील ‘स्क्रोफ्युला’ हा शब्दही डुकरिणीच्या लॅटिन नावावरून आला आहे, ही मौज नोंदण्यासारखी आहे. परंतु ‘खनाजीर’चे मराठी भाषांतर कोणी ‘गलगंड’ असे केले, तर क्षयाचा रुग्ण आयोडीनच्या अभावाचा ठरेल आणि त्यावर उभारलेले सारे अनुमान कोसळेल.

दुसरा अडथळा भूगोलाचा. सुश्रुताने नद्यांच्या उगमावरून त्यांच्या पाण्याचे दोष सांगितले आहेत. हिमालयातून निघणाऱ्या नद्या गलगंडास कारण होतात. सह्याद्रीतून निघणाऱ्या कुष्ठास. त्र्यंबकेश्वरी उगम पावून नांदेडवरून वाहणारी गोदावरी अर्थातच दुसऱ्या वर्गात पडते. कारणमीमांसा आज टिकणारी नाही, पण हिमालयाच्या पायथ्याविषयीचे निरीक्षण अचूक होते. ते इतके अचूक होते की गलगंड हा डोंगराळ उत्तरेचाच रोग, ही समजूत आधुनिक काळातही टिकून राहिली. कांगडा खोऱ्यात 1956 मध्ये रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रदेशाचे तीन विभाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त व एकात साधे मीठ पुरविले, आणि आयोडीनचा परिणाम सिद्ध केला. त्यानंतर 1962 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाची दृष्टीही मुख्यतः हिमालयीन पट्ट्यावरच होती. पुढील पाहण्यांत महाराष्ट्रातच नव्हे, तर समुद्रालगतच्या भडोच व एर्नाकुलम या जिल्ह्यांतही गलगंड आढळला. तेव्हा सर्व खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण 1980 नंतरच्या दशकात आले. 1992 मध्ये कार्यक्रमाच्या नावातील ‘गलगंड’ जाऊन ‘आयोडीन न्यूनता विकार’ आले.

समुद्रालगतच्या जिल्ह्यांचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. समुद्राचे मीठ आयोडीनयुक्त असते ही समजूतच चुकीची आहे. साध्या समुद्री मिठात आयोडीन नगण्य असते. लमाणांच्या बैलतांड्यांनी किनाऱ्यावरून दख्खनच्या पठारावर शतकानुशतके जे मीठ आणले, त्याने प्रौढ माणसाची रोजची सुमारे 150 मायक्रोग्रॅमची गरज भागली असेल असे मानता येत नाही. ती भागली असेल तर धान्य, दूध व पाणी यांतून, म्हणजेच मातीवर अवलंबून. हा मुद्दा मराठवाड्याच्या आहारेतिहासात अद्याप उपेक्षित राहिला आहे.

आज लातूरच्या बाजारात ‘मला थायरॉईड आहे’ असे वाक्य सहज ऐकू येते. ग्रंथीचेच नाव रोगास मिळाले असून, स्राव कमी आहे की अधिक, हे त्यातून कळत नाही. उद्याच्या संशोधकासही हीच अडचण येणार. म्हणून जुनी दप्तरे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस एवढेच सुचवावेसे वाटते: टिपणात मूळ शब्द जसाच्या तसा उतरवावा; गाठ एक की अनेक, वाहती की कोरडी, याचा उल्लेख असल्यास तोही टिपावा, आणि मराठी प्रतिशब्द कंसात, पेन्सिलीने लिहावा.