ओवीत आलेला क्रूस

मंडळी, भामरागडला बोलताना आम्ही क्रुसाचा विषय का काढला, असं कुणी विचारील. इथले माडिया लोक मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी दगड उभा करतात. ख्रिस्ती परंपरेच्या मुळाशीही एका मरणाची आठवण आहे. ती मराठीत कशी आली, एवढंच आज पाहू.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी, ओव्या सुमारे अकरा हजार. त्याच्यापुढची खरी अडचण तत्त्वज्ञानाची होती. आपल्याकडे दुःखाचा हिशेब कर्माशी लावतात. मग ज्यानं पापच केलं नाही, त्याला वेदना का? आणि देवाला तर कशाला? श्रीकृष्णही जरा व्याधाच्या बाणानं गेले. पण त्या जखमेभोवती आपली भक्ती उभी नाही. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र खिळे, काटे, तहान हाच गाभा. निर्दोषानं इतरांच्या पापाचा भार आपणहून उचलला, असं ती सांगते.

हे नुसत्या युक्तिवादानं पटणं कठीण. स्टीफन्सनं ओवी घेतली. ती ज्ञानेश्वरीची, तशीच जात्यावरच्या बायांचीही. सिद्धान्त पटो न पटो, क्रुसाखाली उभी असलेली आई ओवी ऐकणाऱ्याला कळते.

पण एक गोष्ट आम्ही झाकणार नाही. त्याच गोव्यात देवळं पाडली गेली होती, 1560 पासून इन्क्विझिशन होतं. छळ सोसलेल्याची कथा सांगणारी सत्ता स्वतः छळ करीत होती. पुढे 1684 मध्ये तिनं स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धही हुकूम काढला. पुराणाच्या पहिल्या छापील आवृत्तीची प्रत आज मिळत नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हातानं उतरवलेल्या पोथ्यांतून. 1907 मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी तो पुन्हा छापला.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या शोधातून. त्यांचं 'ख्रिस्तायन' 1919 मध्ये त्यांच्या निधनानं अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. सत्तेचा हात पाठीशी नसतानाही ही कथा मराठीत सांगावीशी वाटली, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याचं दुःख आपल्या भाषेत आणायचं, तर ते लादून येत नाही. ते कुणीतरी आपलं म्हणून गावं लागतं.