कमला निंबकर बालभवन, फलटण

फलटण (जि. सातारा) येथील मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा. भोर तालुक्यातून वाहत येणाऱ्या नीरा नदीच्या कालव्यावर फलटणचा ऊस पिकतो. पण त्याच गावातल्या दलित वस्तीतली अनेक मुले १९७०च्या दशकात शाळेत टिकत नव्हती. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांच्यासाठी वस्तीतच वर्ग सुरू केले. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये ही शाळा उभी राहिली. शाळेला नाव आहे भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करणाऱ्या कमला निंबकर यांचे.

बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर संशोधन केले होते. मूल घरून जी बोली आणते तिला वर्गात हसले गेले की ते गप्प होते, आणि गप्प झालेले मूल हळूहळू शाळाच सोडते. म्हणून मुलाला आधी बोलू द्यायचे, त्याचेच अनुभव लिहून त्यावर वाचन शिकवायचे. मोजकी अक्षरे घेऊन लगेच शब्द आणि वाक्ये वाचायला देणारी ‘प्रगत वाचन पद्धती’ इथलीच.

सधन घरची आणि वस्तीतली मुले एकाच वर्गात बसतात. वेगळ्या ‘कच्च्या’ तुकडीपेक्षा ही सोबत कितीतरी मोलाची.

पुढे डॉ. मंजिरी निंबकर यांनी शाळेची धुरा सांभाळली.