नाशिकरोडचा मल्टिमीटर आणि १९४२चा गुप्त रेडिओ

जुनी रेडिओ-यंत्रे ऑनलाइन धुंडाळणाऱ्या हौशी मंडळींना नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर अपरिचित नसावेत. याच घराण्याची मुंबईतील पेढी म्हणजे ‘शिकागो रेडिओ’. नाव अमेरिकन, मालक सिंधी! काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले ते याच पेढीने.

१९३९मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हॅम मंडळींचे परवाने रद्द केले आणि प्रक्षेपक जमा करण्याचे फर्मान काढले. त्यानंतर सुटे भाग विकत घेणे हीच जोखीम झाली. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे परवाना गमावलेले असेच एक हॅम. ऑगस्ट १९४२मध्ये उषा मेहता व सहकाऱ्यांसाठी त्यांनी प्रक्षेपक उभा केला. सामग्रीसाठी नानक मोटवाने यांचे साहाय्य लाभले. काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. पोलिसांना चुकवण्यासाठी जागा वारंवार बदलत.

१२ नोव्हेंबरला गिरगावात छापा पडला. पोलिसांना ठिकाण दाखवले ते अटकेतल्या प्रिंटर यांनीच. त्यांना नुसते फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्या हातांवाचून हे केंद्र उभेच राहिले नसते. खटल्यात उषाबेन यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. मोटवाने निर्दोष सुटले.