अक्षरजुळणीच्या कालबाह्य आज्ञावली आणि मराठी दस्तऐवजांचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे बाजारपेठेचे गाव आहे. नदीपलीकडे मराठवाडा सुरू होतो. अशा गावांची मुद्रणाची गरज मुख्यतः ग्रंथप्रकाशनाची नसते. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, निवडणुकीची पत्रके, स्मरणिका व श्रद्धांजलीपर पुस्तिका हीच तेथील मुद्रणाची मुख्य सामग्री होय. ग्रामीण भागाचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला याच कागदांकडे वळावे लागते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून हा मजकूर खिळ्यांऐवजी संगणकावर जुळवला जाऊ लागला. ज्या आज्ञावलींमध्ये तो तयार झाला, त्या आज नव्या संगणकावर नीट चालत नाहीत. हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्याचे स्वरूप मूलतः ऐतिहासिक साधनांच्या जतनाचे आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कारणपरंपरा व त्यावरील उपाय यांचा मागोवा घेतला आहे.

खिळ्यांकडून पडद्याकडे :
गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले आणि पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना सुबकतेचा मानदंड मिळवून दिला. खिळ्यांच्या युगात जुळाऱ्याने जुळवलेला मजकूर छपाईनंतर सोडवला जाई व खिळे पुन्हा खणात जात. मागे उरे तो केवळ छापलेला कागद. त्यामुळे कागद जपला पाहिजे, ही जाणीव त्या व्यवस्थेतच अंतर्भूत होती.

१९८५ मध्ये अल्डस कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी पेजमेकर ही आज्ञावली बाजारात आणली. १९८७ मध्ये ती विंडोजवर उपलब्ध झाली. १९८९ मध्ये कोरलड्रॉ आली. पानाची मांडणी, चौकटी, चित्रे व मजकूर हे सर्व एकाच पडद्यावर करता येऊ लागल्याने मुद्रणपूर्व काम छापखान्यातून निघून एका टेबलावर आले. 'डी.टी.पी.' हे नाव तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. आता मजकूर सोडवला जात नव्हता. तो फाईलमध्ये राहत होता. पुढच्या वर्षी तीच फाईल उघडून तारीख बदलली की काम होई. कागदापेक्षा फाईलच टिकाऊ, असा समज येथून रूढ झाला.

देवनागरीची तडजोड :
या आज्ञावली रोमन लिपीसाठी घडलेल्या होत्या. त्यांच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ स्थाने असत. देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धाक्षरे व जोडाक्षरे यांचे आकार याच स्थानांवर बसवण्यात आले. उदाहरणार्थ, कृतिदेव या प्रचलित फॉन्टमध्ये 'राम' हा शब्द संगणकाच्या लेखी रोमन 'जे', 'के' आणि 'ई' या तीन अक्षरांचा समूह असतो. फॉन्ट काढून घेतला की मराठी शब्द नाहीसा होतो आणि निरर्थक रोमन अक्षरे उरतात.

याला पर्याय नव्हता असे नाही. आय.आय.टी. कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने वाढवले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये आय.एस. १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक ठरली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र गट मिळाला. परंतु पेजमेकरसारख्या आज्ञावलींना संकेत नव्हे, आकार हवे होते. त्यामुळे सी-डॅकचे आय.एस.एम., पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती इत्यादी प्रणालींनी आपापली आकारांची कोष्टके तयार केली. ती परस्परांशी जुळत नव्हती. एका दुकानातील फाईल दुसऱ्या दुकानात उघडली तर वाचता येईलच, याची शाश्वती नव्हती.

नव्या संगणकावरील अडचणींची कारणे :
जुनी आज्ञावली नव्या संगणकावर चालत नाही, तेव्हा सर्व दोष एकाच ठिकाणी शोधण्याची चूक सामान्यतः होते. वस्तुतः या अडचणींचे पुढीलप्रमाणे चार स्तर आहेत.

पहिला स्तर कार्यप्रणालीचा आहे. १६-बिट पद्धतीने लिहिलेल्या आज्ञावली ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. विंडोज ११ (२०२१) केवळ ६४-बिट स्वरूपात आल्याने हा मार्ग पूर्णतः बंद झाला. काही वेळा मुख्य आज्ञावली ३२-बिट असूनही तिची स्थापना करणारा भाग १६-बिट असतो व काम पहिल्याच पायरीवर अडते.

दुसरा स्तर यंत्रसामग्रीचा आहे. भारतीय भाषांच्या अनेक प्रणाली चोरटी नक्कल रोखण्यासाठी हार्डवेअर लॉकसह विकल्या जात. हे लॉक प्रिंटरच्या समांतर पोर्टला जोडावे लागे. नव्या संगणकांवर असे पोर्टच नसते. रीतसर खरेदी केलेल्या ग्राहकाचीही आज्ञावली अशा रीतीने निरुपयोगी ठरते.

तिसरा स्तर कळफलकाचा व फॉन्टचा आहे. मराठी टंकलेखनासाठी कळफलक व आज्ञावली यांच्यामध्ये एक स्वतंत्र दुवा कार्यरत असे. कार्यप्रणाली बदलली की हा दुवा तुटतो. फाईल उघडते, पण दुरुस्ती करता येत नाही. शिवाय टाईप-१ जातीच्या फॉन्टना अॅडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या आज्ञावलींतून वगळले.

चौथा स्तर फाईलच्या स्वरूपाचा आहे. अॅडोबीने १९९४ मध्ये अल्डस ताब्यात घेतली, १९९९ मध्ये इनडिझाईन आणली व २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरचा विकास थांबवला. पेजमेकरच्या उत्तरकालीन फाईली उघडण्याची सोय इनडिझाईनमध्ये २०१२ च्या सी.एस. ६ आवृत्तीपर्यंतच राहिली. मराठीसह भारतीय लिप्यांची युनिकोड जुळणी त्या आज्ञावलीत अधिकृतपणे आली, तीही याच आवृत्तीत. जुन्याचे दार बंद होणे व नव्याचे दार उघडणे या दोन्ही घटना एकाच उंबरठ्यावर घडल्या. ज्यांनी त्या वेळी स्थलांतर केले नाही, त्यांच्या फाईली मागे राहिल्या.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा :
सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे जुना संगणक कोपऱ्यात जपून ठेवणे. विंडोज एक्सपीचे सुरक्षा साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले असले, तरी इंटरनेटला न जोडता असा संगणक वापरता येतो. परंतु त्याची हार्ड डिस्क बंद पडली की सर्व संपते. दुसरा उपाय म्हणजे नव्या संगणकात आभासी यंत्र निर्माण करून त्यात जुनी कार्यप्रणाली चालवणे. यात हार्डवेअर लॉकची अडचण कायम राहू शकते. तिसरा उपाय पीडीएफचा. फॉन्ट अंतर्भूत केल्यास पान जसेच्या तसे दिसते. मात्र त्या पानाच्या पोटात रोमन अक्षरेच असल्याने मराठी शब्दाचा शोध घेता येत नाही. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनंतर प्रबंधांच्या ई-प्रती सादर होऊ लागल्या. त्यांतील जुन्या फॉन्टमधील मराठी प्रबंध अशा वेळी डोळ्यांना दिसतात, पण शोधयंत्राला सापडत नाहीत.

चौथा व खरा उपाय युनिकोड रूपांतराचा. येथेही सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार दिसतो त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनापूर्वी साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये तो उच्चारक्रमाने व्यंजनानंतर येतो. रफाराची स्थिती नेमकी उलट असते. त्यामुळे रूपांतरक आज्ञावली नेमक्या याच ठिकाणी चुका करतात. आडनावे, गावांची नावे व जमिनीचे तपशील यांत अशी चूक राहिल्यास चुकीचे साधन निर्माण होते. छापील प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय रूपांतरित मजकूर प्रमाण मानता येत नाही.

निष्कर्ष :
१. डी.टी.पी. युगातील मराठी मजकुराचा प्रश्न केवळ आज्ञावली जुनी झाल्याचा नाही. भाषेचा संकेत न साठवता तिचा आकार साठवला गेला, हे त्याचे मूळ कारण आहे.
२. संकेतांचे मानक १९९१ पासून उपलब्ध होते. व्यवसायाची साधने ते स्वीकारण्यास सुमारे दोन दशके मागे राहिली.
३. जतनाचा क्रम निश्चित असावा : प्रथम फॉन्टसह मूळ फाईलची प्रत, नंतर पीडीएफ, त्यानंतर युनिकोड रूपांतर व शेवटी मुद्रितशोधन.
४. महाविद्यालयांनी आपली नियतकालिके व स्मरणिका यांच्या १९९० नंतरच्या फाईली तपासून पाहणे अगत्याचे आहे.

निर्णयसागरची दीडशे वर्षांपूर्वीची पाने आजही वाचता येतात. ढाणकीसारख्या गावी १९९८ मध्ये जुळवलेली स्मरणिका मात्र तिची छापील प्रत कोणी पेटीत ठेवली असेल तरच वाचता येईल. ग्रामीण इतिहासाच्या अभ्यासकाने पेटीतील कागद आणि कोपऱ्यातील जुना संगणक हे दोन्ही बंद पडण्यापूर्वी तेथवर पोहोचले पाहिजे.