एकाच सर्वोपयोगी पिस्तुलाची निवड : अमेरिकी सैन्याचा अनुभव

सर्व सैनिकांसाठी व सर्व प्रसंगांसाठी एकच पिस्तूल ठरविणे हा केवळ तांत्रिक प्रश्न नसतो. या दृष्टीने अमेरिकी सैन्याचा इतिहास उद्बोधक आहे. १८९० च्या दशकात या सैन्याने ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर स्वीकारले. मात्र फिलिपाइन्समधील लढायांत, विशेषतः मोरो योद्ध्यांविरुद्ध, गोळी लागूनही प्रतिस्पर्धी थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. या पार्श्वभूमीवर १९०४ मध्ये थॉम्पसन व लागार्ड या अधिकाऱ्यांनी मृतदेहांवर, तसेच शिकागो येथे जिवंत जनावरांवर चाचण्या घेतल्या आणि किमान ०.४५ इंची गोळीची शिफारस केली. नमुने अल्प आणि मोजमाप ढोबळ होते. तरीही ही शिफारस निर्णायक ठरली.

मार्च १९११ च्या अंतिम चाचणीत जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या कोल्ट पिस्तुलातून ६००० गोळ्या विनाबिघाड झाडल्या गेल्या. सॅव्हेज पिस्तुलात ३७ वेळा बिघाड झाला. २९ मार्च १९११ रोजी कोल्टची निवड झाली. हे पिस्तूल दोन्ही महायुद्धांत वापरले गेले.

१९८५ मध्ये त्याची जागा ९ मिलिमीटर बेरेटाने घेतली. येथे नाटो राष्ट्रांतील काडतुसांची एकरूपता हा प्रमुख निकष होता.

तात्पर्य, १९११ ची निवड वसाहतयुद्धातील भयातून, तर १९८५ ची लष्करी युतीच्या गरजेतून घडली. शस्त्राचे ‘सर्वोपयोगी’ असणे हा त्याचा अंगभूत गुण नसून, निवडणाऱ्या सत्तेच्या तत्कालीन गरजेचे ते प्रतिबिंब असते, असे म्हणता येईल.