बैलबाजारापासून मोटारबाजारापर्यंत

श्रोतेहो, आमच्या लहानपणी आठवड्याच्या बाजारात बैलांचा सौदा पाहण्याचा योग पुष्कळदा येई. उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी किंमत ठरे. गिऱ्हाईक बैलाचे दात पाही, खूर पाही, चार पावले चालवून पाही. पण औताला जुंपला की मटकन बसायचे, ही बैलाची खोड बाजारात कशी दिसावी? ती शेतात गेल्यावरच उघडकीस यायची, आणि तोवर रुपये दुसऱ्याच्या कनवटीला गेलेले असायचे.

आज बैलाच्या जागी मोटार आली आहे. रंग नवा, गाद्या नव्या, काटा मागे फिरवलेला. आणि महिन्याभरात इंजिन धूर ओकू लागते. व्यापारी म्हणतो, "गाडी तुम्ही पाहून घेतलीत." घेणाऱ्याची साठवलेली पुंजी गेलेली असते, आणि तो टॅक्सीवाला असेल, तर पोटापाण्याचे साधनच गेलेले असते. विकणाऱ्याला आतले ठाऊक, घेणाऱ्याला फक्त बाहेरचे. मग आतल्या दोषाचा भार कोणी सोसावा? या एका प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेसाठी मुदती घालून दिल्या आहेत. बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, ओझे वाहणाऱ्या जनावराला ५, रत्नाला ७, दुभत्या जनावराला ३. या यादीत दासदासीही आहेत, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या वस्तूचा दोष वापरल्यावाचून कळत नाही, ती वापरून पाहण्यास अवधी हवा. रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्यास कौटिल्याने १२ पण दंड सांगितला आहे. उलट नारदस्मृती ग्राहकालाही बजावते, की माल आधी स्वतः पारखावा. पारखून पसंत केलेला माल मग परत करता येत नाही. रोममध्येही बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दास व जनावरे विकणाऱ्यांवर दोष सांगण्याचे बंधन घातले होते. लपविलेला दोष निघाल्यास ६ महिन्यांच्या आत सौदा मोडता येई.

इंग्लंडचा कायदा मात्र दीर्घकाळ निराळ्या वाटेने गेला. १६०३ साली तेथे एक खटला गाजला. विषावर उतारा समजला जाणारा बेझोअर नावाचा खडा एका सोनाराने १०० पौंडांना विकला आणि तो खोटा निघाला. न्यायालयाने निर्णय दिला, की सोनाराने तो बेझोअर असल्याचे नुसते म्हटले. त्याची हमी दिली नव्हती. सबब तो जबाबदार नाही. "खरीदारा, तूच सावध राहा" हे सूत्र अशा निर्णयांतून बळावले. समोरासमोरच्या छोट्या बाजारात ते कसेबसे चालले. पण कारखान्यांचा माल लांबून, न पाहता येऊ लागला तेव्हा ते चालेना. एकोणिसाव्या शतकातील न्यायाधीशांनी त्याला एकेक अपवाद जोडले, आणि ते सर्व १८९३ च्या मालविक्रीच्या कायद्यात गोवले गेले. त्याचा मसुदा करणारे मॅकेन्झी चामर्स पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेसदस्य झाले. त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १९३० साली आला.

त्या कायद्याचे कलम १६ आजही लागू आहे. त्याचा आरंभ जुन्याच सूत्राने होतो, की मालाच्या गुणाबद्दल गर्भित हमी नाही. पण लगेच अपवाद येतात. ग्राहकाने आपले प्रयोजन सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, किंवा त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असेल, तर तो माल कामास योग्य व विक्रीलायक असलाच पाहिजे. मात्र ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल तक्रार चालत नाही. नारदाचे वचनच जणू लंडनचा वळसा घालून परत आले!

आता प्रत्यक्ष मोटारींकडे वळू. १९५६ च्या एका इंग्रजी खटल्यात ग्राहकाने सुस्थितीतली ब्यूइक पाहून पसंत केली. पण रात्री त्याच्या दारात ओढून आणून ठेवलेल्या त्याच गाडीचे सिलिंडर-हेड निघालेले, पिस्टन मोडलेले आणि नवे टायर काढून जुने घातलेले. हप्त्यांच्या करारात लिहिले होते, की गाडीच्या स्थितीबद्दल कसलीही हमी नाही. न्यायालयाने ते कलम मानले नाही. जी वस्तू चालतच नाही ती मोटारच नव्हे, असा त्याचा आशय होता. १९६५ साली मात्र ९५० पौंडांच्या एका जुन्या जग्वारचा ग्राहक हरला. क्लचमध्ये थोडी दुरुस्ती आहे, असे त्याला आधी सांगितले होते; खर्च अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक आला, इतकेच. जुनी गाडी ही जुनीच; ती रस्त्यावर चालण्याजोगी असली म्हणजे पुरे, असे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी ठरविले. पुढे १९७५ च्या निर्णयात आठ वर्षे वापरलेल्या दुसऱ्या एका जग्वारचे इंजिन तीन आठवड्यांत बंद पडले, तेव्हा ग्राहक जिंकला. या तिन्ही निर्णयांचे तात्पर्य एकच. वय आणि किंमत पाहून जी झीज गृहीत धरावी ती ग्राहकाची. जी तशी गृहीत धरता येत नाही ती विक्रेत्याची.

आपल्याकडे परवान्यांच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. जुनी ॲम्बॅसडर वा फियाट मिळाली हेच भाग्य. तेथे दोषाचा विचार कोण करणार? टंचाईत ग्राहकाचा आवाज बसतो. तो उठविण्याचे श्रेय चळवळींना द्यावे लागेल. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला.

आता ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे वकिलावाचूनही तक्रार करू शकतो. त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत आहे. दोष कशाचा, हे नुसते पाहून ठरत नसेल, तर योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करविता येते. नफ्यासाठी गाड्या घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. पण स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीवाला ठरतो. जुना माल नवा म्हणून खपविणे आणि पावती न देणे या अनुचित प्रथा ठरल्या आहेत. सदोष माल पावतीतील मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्याचे नाकारणे ही तशीच प्रथा होय. इंग्लंडच्या २०१५ च्या कायद्यानेही, सदोष गाडी नाकारण्यास जुन्या गाडीच्या ग्राहकाला ३० दिवसच दिले आहेत. याज्ञवल्क्याचे ५ दिवस असे वाढून परत आले आहेत. शिवाय एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम आहे. गाडी विक्रीसाठी ताब्यात असता ती कोठे व किती फिरली, याची नोंदही त्यांनी ठेवावयाची आहे.

परंतु कायदा कागदावर असतो आणि दोष इंजिनात असतो. या दोहोंना जोडणारा पुरावा ग्राहकाच्याच हाती. व्यापाऱ्याचे तोंडी आश्वासन पावतीवर लिहून घ्यावे, गाडी आपल्या ओळखीच्या कारागिराला दाखवावी, आणि दोष दिसताच लेखी कळवावे. शेजाऱ्याकडून खासगीरीत्या घेतलेल्या गाडीला ही कवचे बहुतांशी नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्याकडे तक्रार करणारा भांडखोर समजला जातो आणि फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. वस्तुतः लाज त्याने का बाळगावी? ज्याला ठाऊक होते त्याने सांगितले नाही, हा दोष सांगणाऱ्याचा, विश्वास ठेवणाऱ्याचा नव्हे. दोन हजार वर्षांच्या या इतिहासाचे सार एवढेच आहे, आणि ते आपण घरी न्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.